गाडीचा एसी एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट? आधी मलिक अंबरची नहर समजून घ्या

एसी फुल्ल आहे. डावीकडच्या जाळीतून बर्फासारखी हवा येतेय आणि ड्रायव्हरच्या बाजूला मात्र कोमट. किंवा डिसेंबरात पहाटे पुण्याला निघालात, हीटर लावला, हायवेवर मस्त गरम हवा आली आणि टोलनाक्यावर गाडी थांबली की लगेच थंड. असं काही झालं की बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: मशीन कमजोर झालं, बदलून टाका.

माझ्या एका मित्राला एका गॅरेजमध्ये थेट कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं होतं. खर्च पाच आकडी. दुसऱ्या मेकॅनिकने गेज लावून बघितलं, तर गॅस कमी होता आणि तो पाइपच्या जोडावरच्या एका रबरी रिंगमधून गळत होता. रिंग बदलली, गॅस भरला, दोन्ही बाजू सारख्या गार झाल्या. कॉम्प्रेसर आजही जुनाच आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला औरंगपुऱ्यात. आमच्या या जुन्या शहराच्या जमिनीखाली चारशे वर्षांपूर्वीची एक पाइपलाइन आहे, आणि असे प्रॉब्लेम नेमके कुठे शोधायचे हे मला तिच्यावरूनच सगळ्यात चांगलं कळलं. ती बांधणाऱ्या माणसाचं आयुष्यही एखाद्या वेब सिरीजला लाजवेल असं आहे. म्हणून आज गाडी आणि तो माणूस, दोन्ही एकत्र.

विकला गेलेला मुलगा

मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८ चा, आफ्रिकेतल्या इथिओपियातला. त्याचं मूळ नाव चापू होतं असं बहुतेक इतिहासकार सांगतात. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात गेला. लाल समुद्राकाठचं मोखा बंदर, मग बगदाद, असा एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला जात राहिला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब, कारभार शिकवला. अंबर हे नावही त्यानेच दिलं.

१५७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनमध्ये आला. इथे त्याला विकत घेणारा माणूस होता चंगीझखान, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा. नावावरून गोंधळू नका, मंगोल चंगीझखानाशी याचा काही संबंध नाही. गंमत म्हणजे हा पेशवा स्वतःसुद्धा एकेकाळी हबशी गुलामच होता. त्या काळच्या दख्खनमध्ये गुलाम म्हणून आलेला माणूस सैन्यात आणि दरबारात थेट वरपर्यंत पोचू शकत होता, आणि हे उदाहरण अंबरच्या रोज डोळ्यांसमोर होतं.

अहमदनगरमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर आणखी एक गोष्ट होती: पाणी. त्या शहरात लांबच्या झऱ्यांचं आणि विहिरींचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांमधून आणायची पद्धत होती. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, जोड चुन्याने पक्के करायचे आणि उताराच्या जोरावर पाणी शहरात न्यायचं. पंप नाही, मोटर नाही. फक्त उतार.

दीडदोनशे नाही, दहा हजारांशी लढायचं तर

चंगीझखान १५७५ च्या सुमारास वारला. त्याच्या विधवा बायकोने अंबरला मुक्त केलं. पुढची वीसेक वर्षं तो भाडोत्री शिपाई म्हणून फिरला, विजापूरच्या आदिलशाहीतही राहिला. मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली. १५९५ ला तो पुन्हा निजामशाहीत परतला. हाताशी एक लहानशी तुकडी होती.

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी मारली गेली, राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. कागदावर निजामशाही संपली होती. अंबरने मात्र राजघराण्यातला एक वारस शोधला, त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला. राजधानी आधी परांड्याला, मग जुन्नरला, मग दौलताबादला.

समोर दिल्लीची बादशाही. तोफा, हत्ती, पैसा सगळं त्यांच्याकडे जास्त. अंबरकडे काय होतं? डोंगर, ओढे, वाटा आणि त्या वाटा तळहातासारख्या माहीत असलेले मराठा घोडेस्वार. मालोजीराजे भोसले याच निजामशाहीत चाकरीला होते, पुढे शहाजीराजेही. मोठ्या फौजेशी मैदानात भिडायचं नाही, तिची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, असा गनिमी कावा अंबरने मोठ्या प्रमाणावर वापरला. शत्रूची ताकद किती यापेक्षा ती ताकद त्याच्या शेवटच्या छावणीपर्यंत पोचते कशी, तिकडे त्याचं लक्ष असायचं. वाट तोडली की मागे कितीही दाणागोटा असो, पुढचा शिपाई उपाशीच.

जमीनमहसुलातही त्याची हीच नजर दिसते. जमिनीचा कस कसा आहे, पीक काय येतं हे बघून सारा ठरवायचा, अशी त्याची पद्धत होती. सगळ्यांना एकच दर लावला की चांगल्या जमिनीवाला सुटतो आणि माळरानवाला मरतो, हे त्याला कळत होतं.

खडकी: शहर आधी की पाणी आधी?

१६१० च्या सुमारास अंबरने दौलताबादपासून जवळच असलेल्या खडकी या गावाजवळ नवं शहर वसवलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने बांधलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे.

नावातच अडचण होती. खडकी म्हणजे खडक. जवळून खाम नदी वाहते, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर हजारो लोक, घोडे आणि फौज जगवता येत नाही. पाणी होतं ते शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याला, जमिनीत मुरलेलं. ते गोळा करून शहरात आणायला त्याने जी भूमिगत व्यवस्था उभी केली, तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. सुरुवातीला दगड, विटा आणि चुन्यात बांधलेला बोगद्यासारखा मार्ग, शहराजवळ आल्यावर खापरी नळ, त्यातून निघालेल्या शाखा, आणि शेवटी वस्त्यांमधले हौद. जमिनीखाली असल्यामुळे उन्हात वाफ होऊन पाणी उडत नव्हतं.

(एक गैरसमज दूर करूया. रीलमध्ये दिसणारी पाणचक्की मलिक अंबरने बांधलेली नाही. ती आणि तिची नहर नंतरची आहे, सुफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली. तंत्र मात्र त्याच कुळातलं.)

आता खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न. उगमाला पाणी भरपूर आहे, उतारही बरोबर आहे, तरी एका मोहल्ल्याच्या हौदात धो धो आणि दुसऱ्याच्या हौदात थेंब थेंब, असं का होतं?

कारणं चारच. एक, हवा. नळ जिथे थोडा वर उचललेला असतो, तिथे हवेचा फुगा अडकतो. पाणी मागून ढकलत राहतं, पण फुगा जागा सोडत नाही आणि पुढची शाखा कोरडी पडते. दोन, गाळ. तो खोलगट जागी बसतो आणि नळाचं तोंड बारीक करतो. तीन, गळती. जोड सुटला की पाणी वाटेतच जमिनीत जातं आणि शेवटचा हौद रिकामा राहतो. चार, वाटणी. कुठल्या शाखेचं तोंड किती उघडं आहे, यावर कोणाला किती मिळणार ते ठरतं.

नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच चौकोनी मनोरे आहेत. लोक त्यांना बंबे म्हणतात. शहरात नवा आलेला माणूस त्यांना जुन्या वाड्याचा अवशेष समजतो. प्रत्यक्षात ते या व्यवस्थेचे सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत. पाणी मनोऱ्यात वर चढतं, तिथे वरचं तोंड उघडं असतं, अडकलेली हवा निघून जाते, दाब कमी होतो आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढे जातं. हे नसतं तर मातीचे नळ दाबाने फुटले असते. याशिवाय वाटेत माणूस उतरून साफसफाई करू शकेल अशी तोंडं ठेवलेली आहेत. म्हणजे बिघाड होणारच हे धरून, तो शोधायची जागा बांधतानाच करून ठेवली होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले लॉग लिहून ठेवतो, ते याचसाठी.

आता तुमच्या गाडीत या

गाडीतही हेच आहे. डॅशबोर्डच्या मागे दोन छोटे रेडिएटरसारखे भाग असतात. एक हीटर कोअर, त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं. दुसरा इव्हॅपोरेटर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कूलिंग कॉइल, त्यात एसीचा गॅस द्रवरूपात येऊन वाफ होतो आणि हवेतली उष्णता ओढून घेतो. ब्लोअर या दोन्हींवरून हवा ढकलतो आणि आतल्या झडपा ती हवा डावीकडे, उजवीकडे, पायाशी, काचेवर वाटतात. उगम, नळ, वाटणीची तोंडं आणि शेवटी तुमच्या तोंडासमोरची जाळी म्हणजे हौद.

पार्ट बदलायच्या आधी हे तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: हवा कमी येतेय की तापमान चुकतंय? सगळ्याच जाळ्यांतून वारा मंद येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाच मिनिटांत निघतो. आपल्याकडच्या धुळीत तो काळाठिक्कर पडतो. हा झाला गाळ. वारा जोरात येतोय पण गार नाही, तर पुढचा प्रश्न.

दुसरा प्रश्न: सगळीकडे चुकतंय की एकाच बाजूला? स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. फोनवर विसंबू नका. बहुतेक फोनमधला सेन्सर बॅटरीचं तापमान सांगतो, हवेचं नाही. एसी फुल्ल, आतली हवा फिरवणारं बटण चालू, आणि पाच-दहा मिनिटांनी प्रत्येक जाळीत थर्मामीटर धरून आकडे लिहून घ्या. एक-दोन अंशांचा फरक चालतो. सहा-सात अंशांचा असेल तर गडबड आहे.

एक बाजू गार, दुसरी कोमट असेल तर दोन संशयित. पहिला म्हणजे कमी गॅस. गॅस पुरेसा नसला की तो कॉइलच्या सुरुवातीच्या भागातच वाफ होऊन संपतो, उरलेली कॉइल कोरडी राहते आणि तिच्यावरून जाणारी हवा गार होत नाही. शेवटच्या हौदापर्यंत पाणीच पोचलं नाही म्हणा ना. इथे लक्षात ठेवा, एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. चांगल्यापैकी कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणारा काही महिन्यांनी पुन्हा तुमच्याकडून पैसे घेणार.

दुसरा संशयित म्हणजे गरम-गार हवा मिसळणारी झडप. ड्रायव्हर आणि शेजारच्याला वेगवेगळं तापमान ठेवता येतं, अशा गाड्यांत प्रत्येक बाजूची झडप वेगळी असते आणि तिला एक छोटी मोटर हलवते. मोटरचं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटलं की झडप एका जागी अडकते. तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टक-टक आवाज येत असेल तर बहुधा तीच. कॉम्प्रेसरचा यात काही दोष नाही.

तिसरा प्रश्न: गाडी पळताना आणि उभी असताना फरक पडतो का? जालना रोडवर गार आणि गुलमंडीच्या ट्रॅफिकमध्ये गरम, असं असेल तर समोरच्या कंडेन्सरचा पंखा बघा. एसी चालू असताना तो फिरायला हवा. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. बघताना हात आणि ओढणी-मफलर लांब ठेवा.

हीटरचं उलटं गणित. रेस दिली की गरम, आयडलिंगवर थंड, आणि डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज, तर हीटर कोअरमध्ये हवा अडकलेली असण्याची दाट शक्यता. कूलंट बदलल्यावर किंवा कमी झाल्यावर हे होतं. रेस दिल्यावर पंपाचा जोर वाढतो म्हणून तेवढ्यापुरतं कूलंट फुग्याला ढकलून पुढे जातं. उपाय नहरीचाच: हवेला वरून वाट द्या. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, कूलंटचं झाकण उघडा, काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो तो सैल करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे निघत जातील तसं मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट टाकत राहा. गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. तापमानाचा काटा वर चढायला लागला तर लगेच इंजिन बंद करा. हे सगळं स्वतः करायची खात्री नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, काम लहान आहे. आणि हवा काढूनही पुन्हा पुन्हा भरत असेल तर प्रकरण हेड गॅस्केटपर्यंत गेलेलं असू शकतं. तेव्हा टाळाटाळ नको.

पाण्याने जिंकलेली लढाई

अंबरकडे परत येऊ, कारण त्याचं शहर शांतपणे वाढत नव्हतं. १६१६ मध्ये मुघल फौजेने त्याचा पराभव केला आणि खडकी जाळली, लुटली. बादशहा जहांगीरचा त्याच्यावर इतका राग होता, की त्याने अंबरच्या कापलेल्या डोक्यावर आपण बाण सोडतोय असं चित्र दरबारी चित्रकार अबुल हसनकडून काढून घेतलं. ते चित्र आजही जगप्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात जहांगीरला तो कधीच सापडला नाही. जळलेलं शहर अंबरने पुन्हा उभं केलं.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र त्याच्यावर आल्या. तेव्हा तो पंचाहत्तरीच्या घरात होता. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, मोठी फौज जागेवर रुतली आणि मग हल्ला केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. जो माणूस पाणी वाहतं कसं ठेवायचं ते जाणत होता, त्याला ते नको तिथे सोडायचं कसं हेही माहीत होतं.

१६२६ मध्ये वयाच्या सुमारे ७८ व्या वर्षी मलिक अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. बाजारात विकला गेलेला मुलगा २६ वर्षं एका राज्याचा कारभार सांभाळून गेला. त्याच्यानंतर दहा वर्षांत ते राज्य संपलं. मुलगा फतेहखान याने खडकीचं फतेहनगर केलं, १६५३ नंतर औरंगजेबाने औरंगाबाद केलं, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली, जमिनीखालचं पाणी बराच काळ त्याच वाटेने येत राहिलं.

मग बंद का पडली?

उगम आटला म्हणून नहर संपली असं नाही. कुठे घराच्या पायाने नळ फुटला, कुठे झाडांची मुळं आत शिरली, कुठे सांडपाणी मिसळलं, साफसफाईची तोंडं बुजवली गेली, आणि काही बंबे तर रस्ता रुंद करताना पडले. नळातून पंपाचं पाणी येऊ लागल्यावर जुनी वाट राखायची कोणाला गरज वाटली नाही. आता शहराचं पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पंपांनी चढवून आणावं लागतं. तरीही आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. धरण भरलेलं असतं, तेव्हासुद्धा. औरंगपुऱ्यात प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग का दिसते, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. धरणापासून घरापर्यंतच्या वाटेत काय अडलंय, किती गळतंय आणि वाटणी कशी होतेय, हा प्रश्न आम्हाला चारशे वर्षांनंतरही सुटलेला नाही.

म्हणून गाडीचं कोणी मशीनच बदलायला सांगितलं, तर आधी वाट तपासून घ्या: हवा, गाळ, गळती, वाटणी. दरवर्षी उन्हाळ्याआधी फिल्टर बघा, कूलंटची पातळी बघा, जाळ्यांचे आकडे फोनमधल्या नोट्समध्ये तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मेकॅनिकसमोर तुमच्याकडे अंदाज नसेल, आकडे असतील. आणि संभाजीनगरला आलात तर पाणचक्कीवर रील काढून झाल्यावर एखादा बंबाही शोधून बघा. त्याच्या आतून चारशे वर्षांपूर्वी या शहराच्या पाण्यातली हवा बाहेर पडत होती.